शिखरावर झेंडा कोणता न्यायचा?

न्यू जर्सीहून एका वाचक ताईंचं लांबलचक पत्र आलंय. ते थोडक्यात असं. ताई आणि त्यांचे मिस्टर वीसेक वर्षांपूर्वी नोकरीसाठी अमेरिकेला गेले. मुलगी सतरा वर्षांची, यंदा हायस्कूल संपवतेय, मुलगा तेरा वर्षांचा, दोघांचा जन्म तिथलाच. ताई आणि मुलं अमेरिकन पासपोर्टवर, मिस्टर अजून भारतीय पासपोर्ट आणि ग्रीन कार्डवर. दर दोन वर्षांनी सुट्टीत सगळे साताऱ्याला जातात, सासूबाई तिथे एकट्या असतात, वाट बघत असतात. यंदा मुलगी म्हणाली की ग्रॅज्युएशनचं गिफ्ट म्हणून मला दुसरं काही नको, आपण चौघांनी मिळून टांझानियातला किलीमांजारो चढूया, मैत्रिणींनी अर्धं जग बघितलंय आणि आपलं दर वेळी फक्त इंडिया. मिस्टर कॉलेजात असताना सह्याद्रीत खूप भटकलेले, ते एका पायावर तयार झाले, पण म्हणाले वर पोचल्यावर तिरंगा आणि भगवा घेऊन चौघांचा फोटो काढायचा. मुलगी म्हणाली मी कुठलाच झेंडा धरणार नाही, अमेरिकेचाही नाही, तुम्हाला हवा तर तुम्ही धरा. त्यावरून घरात इतकं वाजलं की "दर रविवारी मराठी शाळेत नेलं ते कशासाठी" इथपर्यंत गेलं, आणि आता बापलेक एकमेकांशी कामापुरतंच बोलतात. सासूबाईंना फोनवर कळलं तेव्हा त्या "डोंगर काय इथे नाहीत?" एवढंच म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला. ताई विचारतायत, यंदा भारत रद्द करायचा का, मुलांची मुळं तुटतायत का, आमचं कुठे चुकलं? आणि अगदी शेवटी एका ओळीत लिहिलंय की मला स्वतःला एवढं चढणं जमेल असं वाटत नाही, पण हे मी घरात अजून बोललेले नाही.

ताई, तिकीट, व्हिसा, बूट, औषधं ही कामं सोपी आहेत, त्यांच्याबद्दल खाली सांगतेच, पण आधी भांडणाबद्दल बोलूया. तुमच्या पत्रात झेंड्याबद्दल पानंच्या पानं आहेत आणि मुलीने मागितलं काय याबद्दल एकच वाक्य आहे, ते वाक्य जरा पुन्हा वाचा. थोड्याच दिवसांत कॉलेजसाठी घराबाहेर पडणारी सतरा वर्षांची मुलगी, जिला मैत्रिणींबरोबर कुठेही जायचा हट्ट करता आला असता, ती म्हणतेय की आई, बाबा, भाऊ आणि मी, आठ दिवस बरोबर चालू, तंबूत राहू, एका ताटलीत जेवू. अहो, किती घरांत हे मागणं येतं? तुम्ही विचारताय मुळं तुटतायत का, आणि मुलगी तर घर सोडायच्या आधी स्वतःहून चौघांना एकत्र आणायला निघालीय. भांडणाच्या आवाजात हे कोणाच्याच लक्षात आलेलं नाही असं मला वाटतं, आणि मिस्टरांना हे तुम्हीच सांगू शकाल, दुसरं कोणी सांगितलं तर त्यांना ते लेक्चर वाटेल.

आता मिस्टरांची बाजू. ती मला मनापासून कळते. तो फोटो कोणाला दाखवायचाय हे त्यांना एकदा शांतपणे विचारा. कॉलेजच्या ट्रेक ग्रुपला, साताऱ्याच्या नातेवाइकांना, मंडळातल्या लोकांना, आणि सगळ्यात जास्त त्यांच्या आईला, असंच उत्तर येईल बहुतेक. गाव सोडून गेलेल्या माणसाला मागे राहिलेल्यांना सतत काहीतरी सांगायचं असतं, की मी गेलो पण मी तोच आहे, माझी मुलंही तुमचीच आहेत, काही हरवलं नाही. वीस वर्षं ही गोष्ट मनात घेऊन जगणं सोपं नसतं, दर वेळी एअरपोर्टवर आईला मागे सोडून यायचं, तिच्या आजारपणाचं फोनवर ऐकायचं, त्यामुळे त्यांना तो फोटो हवासा वाटतो यात मला काहीही वावगं दिसत नाही. अडचण एवढीच की हे सांगणं त्यांचं आहे आणि ते मुलीच्या तोंडून वदवून घ्यायचं चाललंय. मुलीला त्यातून ऐकू येतं ते असं की तू आमची आहेस याचा पुरावा दे. कुठलंही मूल पुरावा मागितला की आडमुठं होतं. तिने अमेरिकेचा झेंडाही नको म्हटलंय हे विसरू नका, म्हणजे ती एक देश टाकून दुसरा उचलत नाहीये, तिला फक्त कोणाचा तरी प्रतिनिधी म्हणून उभं राहायचं नाहीये. वर्गात इंडियाबद्दल काही निघालं की सगळे तिच्याकडे बघणार आणि साताऱ्यात अमेरिकेबद्दल काही निघालं की सगळे तिच्याकडेच बघणार, लहानपणापासून दोन्हीकडे तिने हे केलंय. डोंगरावर तरी सुट्टी हवी असेल तिला.

आणि मुळांबद्दल. मुलांना इंडिया दाखवला असं आपण म्हणतो तेव्हा नक्की काय दाखवलेलं असतं? मी बाहेरून येणारी बरीच घरं बघते, तर तीन आठवड्यांत पंधरा-वीस घरचे चहा-पोहे, प्रत्येक हॉलमधला सोफा, "बोलून दाखव ना मराठीत", "ओळखलंस का मला", मग एक लग्न, लक्ष्मी रोडची खरेदी, मध्ये कोणाचं तरी पोट बिघडतं, बँकेची आणि आधारची कामं, की झाली परत जायची वेळ. मोठ्यांसाठी ही भेट म्हणजे जीव की प्राण, कारण प्रत्येक चेहऱ्यामागे त्यांच्या पन्नास आठवणी आहेत. मुलांच्या वाट्याला मात्र त्यातली परीक्षा तेवढी येते. म्हणून "दर वेळी फक्त इंडिया" या वाक्यात तुम्हाला जी नावड ऐकू आली ती देशाची असेलच असं नाही, त्या सोफ्याची असू शकेल. तिला विचारून बघा, पण उत्तर आधीच ठरवून विचारू नका.

झेंड्याचं सांगते आता, कारण हा डोंगर झेंड्यांच्या बाबतीत फार बोलका आहे. १८८९ साली हान्स मेयर नावाचा जर्मन आणि त्याचा ऑस्ट्रियन साथीदार लुडविग पुर्टशेलर हे दोघं किलीमांजारोच्या सगळ्यात उंच टोकावर पोचले, तेव्हा तो सगळा भाग जर्मन वसाहत होत होता, म्हणून त्यांनी त्या टोकाला आपल्या कैसरचं, म्हणजे जर्मन सम्राटाचं, नाव देऊन टाकलं. खाली उतारावर शेकडो वर्षं चागा लोक केळी लावत होते, डोंगर त्यांचा होता, पण नाव कैसरचं. मग ब्रिटिश आले. नंतर तिथले स्वातंत्र्य चळवळीचे नेते ज्युलियस न्येरेरे यांनी १९५९ मध्येच भाषणात म्हटलं होतं की आम्हाला किलीमांजारोच्या माथ्यावर दिवा लावायचाय, आणि ९ डिसेंबर १९६१ ला टांगानिका, म्हणजे आजच्या टांझानियाचा मुख्य भाग, स्वतंत्र झाला त्या वेळी अलेक्झांडर न्यिरेंडा हा तरुण लष्करी अधिकारी खरोखरच मशाल आणि नव्या देशाचा झेंडा घेऊन वर गेला. तेव्हापासून ते टोक उहुरू पीक, म्हणजे स्वातंत्र्याचं शिखर. मुलीला आणि मिस्टरांना दोघांनाही ही गोष्ट एकाच वेळी सांगा, जेवताना सांगा. ज्या जागेवर कोणाचा झेंडा असावा यासाठी एका देशाने एवढी वाट बघितली तिथे आपण पाहुणे म्हणून जातोय, हे एकदा डोक्यात बसलं की आपला झेंडा हा हक्काचा विषय राहत नाही, हौसेचा होतो, आणि हौस ज्याची त्याने करावी.

म्हणून माझं स्पष्ट मत असं की मिस्टरांनी तिरंगा आणि भगवा दोन्ही न्यावेत, स्वतःच्या सॅकमध्ये, स्वतः वाहून, आणि वर त्यांचा त्यांचा फोटो काढावा, तो मुलीने काढला तर उत्तमच. तिच्यावर फोटोत यायची सक्ती नको आणि न येण्याचीही नको, सतरा वर्षांच्या पोरांना शेवटच्या क्षणी मन बदलायची मोकळीक लागते. चौघांचा फोटो वेगळा काढा, झेंड्याशिवाय. आणि खरं सांगायचं तर वर ५,८९५ मीटरवर, पहाटे, शून्याखाली दहा-पंधरा अंशात, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर आलेला असताना कोणालाही वाद घालायची ताकद नसते, ग्लोव्ह्ज काढले तर बोटं बधिर होतात, दहा-पंधरा मिनिटांत गाईड खाली चला म्हणतो. तेव्हा ठरवायचं ते घरीच ठरवून निघा.

एक गोष्ट तुमच्या घरात कोणाच्या डोक्यात आली नसेल, ती सांगते. किलीमांजारोच्या पायथ्याच्या मोशी गावात, बाजारात, तुमच्या लेकीला लोक आधी अमेरिकन समजणार नाहीत, तिचा चेहरा बघून इंडियन समजतील, कारण भारतीय चेहरा तिथे पिढ्यान्‌पिढ्या ओळखीचा आहे. दुकानदार गुजराती, खोजा, सरकारी कचेऱ्यांत कारकून म्हणून गेलेले गोवेकर, शेजारच्या केनियात १८९६ ते १९०१ मध्ये रेल्वे बांधायला नेलेले तीस हजारांहून जास्त मजूर, हे सगळे आपल्याच समुद्राच्या पलीकडे गेलेले लोक. त्यातल्या कित्येक घरांना पुन्हा एकदा उठावं लागलं, १९७१ मध्ये टांझानियात भाड्याने दिलेल्या मोठ्या इमारती सरकारने ताब्यात घेतल्या तेव्हा पुष्कळ जण इंग्लंड-कॅनडाला गेले, आणि १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातल्या आशियाई लोकांना देश सोडायला ९० दिवस दिले. तरी राहिलेले राहिले, आज तिथे चौथ्या-पाचव्या पिढीची घरं आहेत, ती स्वाहिलीत भांडतात आणि घरी गुजरातीत जेवायला बोलावतात. तुमच्या मुलीला "तू मूळची कुठली" हा प्रश्न आजवर गोऱ्या शेजाऱ्यांनी नाहीतर साताऱ्याच्या मावश्यांनी विचारलाय. तिथे तो तिसऱ्याच बाजूने येईल, आणि त्याचं उत्तर ती स्वतः काय देते ते तिचं तिलाच कळू दे, तुम्ही शेजारी उभं राहून तिच्या वतीने उत्तर देऊ नका, एवढं मात्र पाळा.

डोंगरानंतर दोन-तीन दिवस टांझानियाच्याच झांझिबार बेटावर जमलं तर जा. तिथल्या स्टोन टाउनमध्ये क्वीन या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरीचा जन्म झाला, १९४६ मध्ये, पारशी घरात, नाव फारोख बुलसारा. त्याची शाळा कुठली माहितीये? पाचगणीची सेंट पीटर्स. साताऱ्यापासून तासा-दीड तासावर. झांझिबारचं पोर पाचगणीच्या बोर्डिंगमध्ये वाढलं, तिथेच पोरांबरोबर बँड काढला, आणि १९६४ च्या झांझिबारमधल्या क्रांतीनंतर घरच्यांबरोबर लंडनला जाऊन पोचलं. तुमच्या मुलाला क्वीनची गाणी माहीत असणारच. एकाच सुट्टीत फ्रेडीचं जन्मगाव आणि त्याच्या शाळेचं गाव दोन्ही बघता येईल, आणि साताऱ्याचा रस्ता तेरा वर्षांच्या पोराला पहिल्यांदाच स्वतःच्या कामाचा वाटेल.

म्हणजे आता तुमचा पहिला प्रश्न, भारत रद्द करायचा का. रद्द कशाला? तुम्ही दोघांनी हे किलीमांजारो नाहीतर सातारा असं मांडलंय, पण नकाशा बघा, टांझानिया आपल्या समोरच्या किनाऱ्यावर आहे. नैरोबीहून मुंबई साधारण सहा तास, आदिस अबाबाहूनही मुंबईला थेट विमान आहे. न्यूअर्क किंवा जेएफके ते किलीमांजारो एअरपोर्ट, तिथून मुंबई, मुंबईहून परत, असं मल्टीसिटी तिकीट काढायचं, अमेरिकेहून दोन वेगळ्या ट्रिपा करण्यापेक्षा हे स्वस्तही पडतं. जुलै-ऑगस्ट तिकडे कोरडा सीझन, चढायला चांगला, आणि तुमच्या मुलांना तेव्हाच सुट्टी. मिस्टरांना रजा कमी असेल तर ते साताऱ्याहून आधी परततील, तुम्ही आणि मुलं आठवडाभर जास्त राहा.

कागदपत्रांकडे मात्र नीट लक्ष द्या, कारण तुमच्या एकाच घरात दोन तऱ्हेचे पासपोर्ट आहेत. टांझानियाचा व्हिसा अमेरिकन पासपोर्टला १०० डॉलरचा मल्टिपल एन्ट्रीवाला लागतो, भारतीय पासपोर्टला साधा ५० डॉलरचा चालतो, दोन्ही ऑनलाइन होतात, भरायच्या आधी त्यांच्या सरकारी साइटवर ताजे दर बघा. तुमची आणि मुलांची ओसीआय कार्डं (परदेशी पासपोर्टवरच्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत देतो ती) आत्ताच बाहेर काढून ठेवा, आणि मुलीचं वय वीसच्या पुढे गेल्यावर जो नवा पासपोर्ट येईल तेव्हा ओसीआय एकदा नव्याने करून घ्यायचं असतं हे तिला आताच सांगून ठेवा, कॉलेजात गेलेल्या पोरांच्या हे हमखास राहून जातं. यलो फीव्हरचं प्रकरण सगळ्यात महत्त्वाचं, केनिया आणि इथिओपिया हे यलो फीव्हरचे देश धरले जातात, तिथून येणाऱ्याकडे भारत लसीचं कार्ड मागतो आणि नसेल तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन करू शकतो, टांझानियाही अशा देशांतून येणाऱ्यांना कार्ड विचारतो. नुसतं ट्रान्झिट असेल तर नियम वेगळे असतात, तेव्हा तुमचं तिकीट ट्रॅव्हल क्लिनिकला दाखवून विचारा, आणि लस प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी झालेली पाहिजे. ज्या वाचकांचं अजून एच-वनवर, म्हणजे अमेरिकेच्या नोकरीच्या व्हिसावर, चाललंय आणि पासपोर्टमधला स्टॅम्प संपलाय त्यांनी असा बेत आखताना आधी स्टॅम्पिंगची अपॉइंटमेंट बघावी, मग डोंगर.

सासूबाईंचं "डोंगर काय इथे नाहीत?" हे मला फार लागलं. त्यांना किलीमांजारोबद्दल काही म्हणायचंच नव्हतं ताई, त्या येताय की नाही एवढंच विचारत होत्या. तेव्हा तिकडून फोन जायला हवा आणि तो मुलीने करावा, मराठी मोडकी असली तरी चालेल, आजी आम्ही डोंगर चढून थेट तुझ्याकडे येतोय, एवढं तिने सांगितलं तरी पुरे. साताऱ्यात पोचल्यावर पहिले दोन दिवस नातेवाइकांचा दरबार भरवू नका. तुमच्या तर घराच्या डोक्यावर अजिंक्यताराच आहे, वरपर्यंत गाडी जाते, आजींना गाडीने न्या आणि बाप-लेकीने खालून चालत जावं. पावसात ठोसेघर, ऑगस्टच्या शेवटी असाल तर कासची फुलं सुरू होत असतात. मिस्टर कॉलेजात जिथे जिथे भटकले त्यातला एखादा गड त्यांनी मुलांना दाखवावा, शिवाजी महाराजांची गोष्ट तर सांगावीच पण त्या गडावर स्वतः कोणाबरोबर आले होते, काय खाल्लं होतं, अमेरिकेला जायचं कधी ठरवलं, आईला कसं सांगितलं, हेही सांगावं. मला शंका आहे की तुमच्या मुलांना बाबा ट्रेक करायचे एवढंच माहितीये, ते सगळं सोडून निघताना बाबांना काय वाटलं होतं हे त्यांनी कधी ऐकलेलं नाही. मराठी शाळेत हे शिकवत नाहीत.

आता डोंगर. मिस्टरांना एक गोष्ट जरा ठामपणे सांगायला लागेल, सह्याद्रीचा अनुभव पायांना उपयोगी पडतो, फुप्फुसांना नाही. आपलं कळसूबाई, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच, १,६४६ मीटर, आणि किलीमांजारोचा लेमोशो रूट चालायला सुरू होतो तोच २,००० मीटरच्या वर. तिथला त्रास दमण्याचा नसतो, विरळ हवेचा असतो, आणि तो फिट माणसालाही होतो, उलट फिट माणूस भराभर चढतो म्हणून त्याला जास्त धोका. पाच दिवसांचं स्वस्त पॅकेज घेऊ नका, सात-आठ दिवसांचा लेमोशो किंवा निदान सात दिवसांचा माचामे घ्या, त्यात एक दिवस ४,६०० मीटरपर्यंत चढून झोपायला पुन्हा खाली येतात, शरीराला सवय होते ती अशानेच. विरळ हवेच्या त्रासासाठी डायमॉक्स नावाची गोळी असते, तिच्याबद्दल डॉक्टरांशी बोला, सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. गाईड सारखे "पोले पोले" म्हणत राहतात, हळू हळू, त्यांचं ऐका. प्रॅक्टिससाठी शनिवार-रविवार कॅटस्किल्सला जा, एकदा न्यू हॅम्पशरचं माउंट वॉशिंग्टन करा, तो १,९१७ मीटर आहे आणि तिथलं वारं तुम्हाला तुमच्या जॅकेटबद्दल खरं काय ते सांगेल. मुलाचं वय चालतं, दहा वर्षांच्या पुढच्यांना परवानगी असते, पण मुलं त्रास लपवतात, बहिणीसमोर तर नक्कीच लपवतात.

म्हणून निघायच्या आधी घरात एक करार करा आणि तो मोठ्याने बोलून करा. कोणाला डोकेदुखीबरोबर उलट्या, तोल जाणं, बोलणं अडखळणं, नुसतं बसून असतानाही दम लागणं असं काहीही झालं तर तो माणूस खाली उतरणार, त्याच्याबरोबर घरातलं कोण उतरणार हे आत्ताच ठरवायचं, आणि गाईडचा शब्द शेवटचा. मिस्टर उतरायला तयार आहेत का हे त्यांना विचारा, कारण इतकी वर्षं मनात धरलेला फोटो पाचशे मीटरवर असताना मुलाचा हात धरून मागे वळणं सोपं नसतं. दुसऱ्यांच्या घरांत मी हे बघितलंय, आधी बोललेलं असेल तर माणूस वळतो, नसेल तर "अजून थोडं, अजून थोडं" चालू राहतं, आणि त्यात जीव जाऊ शकतो.

कंपनी निवडताना पैसे वाचवू नका. पार्कची फीच माणशी कित्येकशे डॉलर असते, तेव्हा जो फार स्वस्त देतो तो कुठून वाचवतो ते उघड आहे, पोर्टरच्या पगारातून आणि जेवणातून. लायसनवाल्या गाईडशिवाय चढायला परवानगीच नाही, आणि तुम्हा चौघांच्या मागे पंधराच्या आसपास माणसं असतील, तंबू, स्वयंपाक, पाणी, सगळं त्यांच्या डोक्यावर. प्रत्येकाच्या ओझ्याला २० किलोची मर्यादा आहे पण ती सगळेच पाळतात असं नाही. मोशीत किलीमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्ट नावाची संस्था आहे, ती कोणत्या कंपन्या पोर्टरना नीट वागवतात त्याची यादी ठेवते, त्या यादीतलीच कंपनी घ्या, आणि हे काम मुलीवर सोपवा, ट्रिप तिची आहे तर यादी बघणं, मेल पाठवणं, टिपचा हिशोब तिनेच करावा. संध्याकाळी जेवणाच्या तंबूत मुलांनी फोनमध्ये डोकं घालण्यापेक्षा त्या लोकांशी बोलावं. आपली माणसं गावी ठेवून कामासाठी घराबाहेर राहणं काय असतं हे त्यांना चांगलं माहीत असतं, आणि तुमच्या मिस्टरांनाही.

आता तुम्ही. अख्ख्या पत्रात मिस्टरांना काय हवंय, मुलीला काय हवंय, सासूबाईंना काय हवंय हे सगळं आहे आणि तुमचं जे आहे ते शेवटच्या अर्ध्या ओळीत कोंबलंय. तुम्ही असं गृहीत धरलंय की तुम्ही चढला नाहीत तर तुम्ही या गोष्टीतून बाहेर पडलात, किंवा नाही म्हणालात तर ट्रिपच मोडेल. दोन्ही खरं नाही. आधी डॉक्टरकडे जाऊन या, बीपी, हिमोग्लोबिन, दमा, गुडघे, जे असेल ते, कारण "जमेल असं वाटत नाही" यात कधी कधी भीती असते आणि कधी कधी शरीराचा खरा निरोप असतो, ते वेगळं काढता आलं पाहिजे. जमण्यासारखं असेल आणि मनातून थोडीशी इच्छा असेल तर चार-पाच महिने तयारी करा, चाळिशी-पन्नाशीच्या पुष्कळ बायका चढतात. इच्छाच नसेल तर ते सरळ सांगा. मग तुम्ही मोशीत किंवा मारांगूला राहा, मारांगू रूटवर मंदारा हटपर्यंत, २,७०० मीटरच्या आसपास, गाईड घेऊन एका दिवसात जंगलातून जाऊन येता येतं, खालच्या गावांत चागा लोकांच्या कॉफीच्या बागा आहेत, मातेरुनीचा धबधबा आहे, सकाळी निवांत चहा आणि चपाती मिळते. आठ दिवस एकटीने एका नव्या देशात, कोणाचा डबा नाही, कोणाची औषधं नाहीत, हे शेवटचं कधी झालं होतं तुमच्या आयुष्यात? मला तर ही ट्रिपही तितकीच मोठी वाटते. फक्त "मी काय, मी राहीन खाली" असं त्यागाच्या सुरात सांगू नका, मुलीला ते आयुष्यभर बोचेल. मला हे करायचंय असं सांगा.

आणि क्रम असा ठेवा. आधी मिस्टरांशी, दोघंच असताना, तुमच्या चढण्याबद्दल बोला, झेंड्याबद्दल नाही, कारण तुम्ही स्वतःचं काहीतरी आधी उघड केलंत तर त्यांनाही त्यांचं बोलायला सोपं जाईल. मग त्यांनी मुलीकडे जावं, माफी वगैरे मागायची गरज नाही, तू आम्हाला बरोबर बोलावलंस याचं मला बरं वाटलं एवढं म्हटलं तरी चालेल. त्यानंतर चौघांनी बसून तारखा ठरवा आणि त्याच दिवशी साताऱ्याला फोन लावा. जुलै-ऑगस्टच्या चांगल्या कंपन्यांच्या जागा आणि मुंबईची तिकिटं दोन्ही लवकर संपतात, तेव्हा हे या महिन्यातच करा.